गाठीत रक्त किती धावतंय हे एमआरआयला कसं कळतं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी जाताजाता एक वाक्य लिहिलं होतं की गाठीतला रक्तपुरवठा आता एमआरआयवर मोजता येतो. बाकी लेख वेगळ्याच विषयावर होता, पण पत्रं आली ती जवळपास सगळी त्या एका वाक्यावर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, पण फिल्म न बघता आणि पेशंटला न भेटता मी इथे कुणाचं निदान करणार नाही, ते बरोबरही नाही. रिपोर्टमधले शब्द मात्र नीट उलगडून सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझ्या वडिलांना (वय ५८) मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा (वेगाने वाढणारा कॅन्सरचा ट्यूमर) झालाय. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्या, हे सगळं संपून दोन महिने झाले. परवा काँट्रास्टवाला एमआरआय केला तर ऑपरेशनच्या जागी आधीपेक्षा जास्त पांढरं दिसतंय. घरात सगळे हबकलेत, पण डॉक्टर म्हणतात लगेच काही ठरवायचं नाही, परफ्युजन एमआरआय करू. काँट्रास्ट तर दिलाच होता ना, मग परत तेच इंजेक्शन देऊन वेगळं काय दिसणार? — अकलूजहून एक मुलगा

उत्तर: तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य सांगितलंय, आधी तेवढा धीर धरा. नेहमीच्या काँट्रास्ट एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं औषध शिरेतून देतात आणि काही मिनिटांनी फोटो काढतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक पक्कं अस्तर असतं, त्यातून हे औषध बाहेर पडत नाही, पण जिथे अस्तर फाटलंय तिथे ते झिरपून साचतं आणि ती जागा पांढरी उजळते. अडचण अशी की ट्यूमर ते अस्तर बिघडवतो आणि रेडिएशनही बिघडवतं. म्हणजे पांढरं दिसलं याचा अर्थ इथे गळती आहे एवढाच, गळती कुणी केली ते त्या फोटोवरून कळत नाही. रेडिएशन आणि गोळ्या संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत असं पांढरं वाढणं बऱ्याच जणांत दिसतं आणि त्यातल्या कितीतरी जणांचं नंतर काही न करता कमी होतं. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, वाढल्यासारखं दिसणं पण वाढलेलं नसणं. २०१० साली या ट्यूमरचे स्कॅन कसे वाचायचे याचे आंतरराष्ट्रीय निकष आले त्यातही स्पष्ट होतं की पहिल्या १२ आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या भागाच्या बाहेर नवीन काही दिसलं किंवा बायोप्सीत सापडलं तरच ट्यूमर वाढला असं म्हणायचं.

आता परफ्युजन. तुम्ही अकलूजचे म्हणून हे लगेच लक्षात येईल. तुकोबांची पालखी गावातून जाते तेव्हा रस्त्याकडेला उभं राहिलं तर किती माणूस गेलं, कुठली गल्ली गच्च भरली, कुठली मोकळी राहिली ते दिसतं. पालखी पुढे गेल्यावर संध्याकाळी येऊन फोटो काढला तर मागे काय पडलंय एवढंच दिसणार. नेहमीचा काँट्रास्ट फोटो हा संध्याकाळचा, आणि परफ्युजन म्हणजे पालखी जाताना बघणं. औषध पंपाने एकदम जोरात सोडतात, सेकंदाला चार-पाच मिली, आणि ते मेंदूतून पहिल्यांदा जात असताना साधारण दर दीड सेकंदाला पूर्ण मेंदूचं चित्र घेत राहतात, दीड-दोन मिनिटं. या पद्धतीत गंमत अशी की औषध आलं की चित्र उजळायच्या ऐवजी काळवंडतं, कारण वाहिन्यांमध्ये भरलेलं गॅडोलिनियम आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं आणि सिग्नल पडतो. जिथे वाहिन्या जास्त तिथे खड्डा खोल. त्या खड्ड्याच्या आकारावरून तिथे रक्त किती सामावलंय ते काढतात आणि मेंदूच्या समोरच्या बाजूच्या निरोगी व्हाइट मॅटरशी (मेंदूचा आतला भाग, वर म्हटलेलं उजळलेलं पांढरं नव्हे) तुलना करून आकडा देतात. रिपोर्टमध्ये आरसीबीव्ही लिहिलेलं असतं ते हेच.

जिवंत, वाढणाऱ्या ग्लायोब्लास्टोमात वाहिन्यांचं जाळं दाट असतं म्हणून आकडा वर जातो. रेडिएशनने मेलेल्या पेशींच्या जागी पांढरं कितीही दिसलं तरी रक्त फारसं नसतं म्हणून आकडा खाली राहतो. असं सरळ वाटतं खरं, पण प्रत्यक्षात एकाच जागी थोडा ट्यूमर आणि थोडा मेलेला भाग असं मिसळलेलं बऱ्याचदा असतं, आणि मग आकडा मधेच कुठेतरी येतो आणि आम्हालाही ठाम लिहिता येत नाही. तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी परत स्कॅन हाच प्रामाणिक सल्ला असतो. घरच्यांसाठी ते दिवस फार जड जातात हे मला माहितेय, रिपोर्ट हातात देताना समोरच्याचे डोळे बघितलेत मी.

दोन कामाच्या गोष्टी. एक म्हणजे वडिलांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर किती आणि कधीपासून ते स्कॅनवाल्यांना सांगा, त्याने गळती कमी होते आणि चित्र बदलतं. दुसरी, इंजेक्शन दोनदा दिलं तर घाबरू नका. गळकी जागा असली की औषध बाहेर झिरपून सिग्नल उलटा वाढवतं आणि रक्ताचा आकडा खोटा कमी येतो, ते टाळायला काही सेंटरमध्ये आधी थोडा डोस देऊन ती जागा भिजवून घेतात आणि मग मोजणीचा डोस देतात. आणि आधीच्या सगळ्या एमआरआयच्या सीडी घेऊन जा. नुसती फिल्म नको, सीडीच.

प्रश्न: बायकोच्या ब्रेस्ट एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "टाइप २ कर्व्ह" लिहिलंय. नेटवर वाचलं की टाइप ३ म्हणजे कॅन्सर. मग टाइप २ म्हणजे अर्धा कॅन्सर का? झोप लागत नाहीये. — चिपळूण

उत्तर: अर्धा कॅन्सर असं काही नसतं हो, आधी तो शब्द मनातून काढा. ब्रेस्टमध्ये इंजेक्शनच्या आधी एकदा आणि नंतर साधारण दर मिनिट-दीड मिनिटाने असे पाच-सात मिनिटं फोटो घेतात, आणि गाठीचा उजेड कसा चढतो आणि मग काय होतो याचा आलेख काढतात. पहिल्या दोन मिनिटांनंतरही उजेड हळूहळू वाढतच राहिला तर टाइप १, वर जाऊन तिथेच थांबला तर टाइप २, पटकन चढून उतरायला लागला तर टाइप ३. कॅन्सरच्या वाहिन्या घाईघाईत उगवलेल्या, कच्च्या आणि गळक्या असतात, त्यात औषध भसकन शिरतं आणि तसंच परत निघून जातं, म्हणून टाइप ३ वर संशय जास्त.

१९९९ साली जर्मनीच्या ख्रिस्तियाने कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६६ गाठींचे असे आलेख तपासले होते, त्यानंतर जगभर ही पद्धत रूढ झाली. त्यातल्या कॅन्सरच्या गाठींपैकी साधारण ५७ टक्क्यांत टाइप ३ होता, ३४ टक्क्यांत टाइप २ आणि ९ टक्क्यांत चक्क टाइप १. साध्या गाठींमध्ये ८३ टक्के टाइप १, पण साडेअकरा टक्क्यांत टाइप २ आणि साडेपाच टक्क्यांत टाइप ३ सुद्धा. म्हणजे बघा, साध्या गाठीतही टाइप ३ येतो आणि कॅन्सरही टाइप १ चं सोंग घेतो. म्हणून आम्ही आधी गाठीचा आकार आणि कडा बघतो, कर्व्ह नंतर. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्स (कॅन्सरचा संशय किती ते सांगणारी श्रेणी) असं लिहून एक आकडा असेल, पुढे काय करायचं ते त्या आकड्यावर ठरतं. ४ किंवा ५ असेल तर सुईची बायोप्सी करून घ्या आणि त्यात वेळ घालवू नका. ३ असेल तर साधारण सहा महिन्यांनी परत तपासतात.

स्कॅन पाळीच्या कितव्या दिवशी झाला तेही डॉक्टरांना सांगा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात केलेला उत्तम, कारण त्याच्या पुढेमागे हॉर्मोन्समुळे निरोगी ब्रेस्टमध्येही रक्त वाढतं आणि सगळंच उजळतं.

प्रश्न: मी रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डीसीई एमआरआय (इंजेक्शन देऊन लागोपाठ चित्रं घेतात तो) शिकवताना सर म्हणाले केट्रान्स म्हणजे गाठीतला रक्तप्रवाह. पण पुस्तकात त्याला पर्मिअॅबिलिटी, म्हणजे वाहिनीच्या भिंतीची गळती, म्हटलंय. आणि पोस्टिंगला असताना एकाच पेशंटचा केट्रान्स दोन सेंटरमधून आला तर एकात जवळजवळ दुप्पट होता. खरं काय मानायचं? — विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर: फार चांगला प्रश्न विचारलास, आणि यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण या एका शब्दावरून मोठमोठे लोकही घोळ घालतात.

मशीनला रक्त दिसत नाही, प्रवाहही दिसत नाही. मशीनला दिसतो फक्त उजेड, आणि तोही गॅडोलिनियमने आजूबाजूच्या पाण्याचा टी१ (चुंबकात ढवळलेलं पाणी मूळ स्थितीत यायला लागणारा वेळ) कमी केला म्हणून. औषधातल्या गॅडोलिनियमच्या आयनमध्ये सात इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, म्हणून तो चुंबकात एवढा प्रभावी. उजेडावरून औषधाचं प्रमाण, प्रमाणावरून आलेख, आलेखावरून गणित, आणि गणितातून केट्रान्स. एवढ्या पायऱ्या आहेत मधे आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी गृहीत धरलेलं आहे.

गणिताचं मूळ सेमूर केटी यांच्या १९५१ च्या कामात आहे. एमआरआयसाठी ते लंडनच्या पॉल टॉफ्ट्स आणि अॅलन करमोड यांनी १९९१ ला बसवलं, आणि ते काही कॅन्सरसाठी नव्हतं, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पेशंटच्या मेंदूतली गळती मोजायला होतं. मग जो तो वेगळी अक्षरं वापरायला लागला, कुणाचं के कुणाला कळेना, तेव्हा १९९९ ला त्यातल्या प्रमुख मंडळींनी मिळून नावं ठरवली. केट्रान्स हे नाव तिथलं. त्याचं एकक दर मिनिटाला, आणि अर्थ एवढाच की रक्तातल्या प्लाझ्मातून (पेशी सोडून उरलेल्या द्रवातून) औषध बाहेरच्या पेशींमधल्या जागेत किती वेगाने जातंय.

आता पाटाचं पाणी डोळ्यासमोर आण, तुमच्याकडे ते समजावून सांगायला नको. शेवटच्या वावरात आवर्तनाला पाणी कमी आलं. का आलं? पाटातच पाणी कमी सोडलं असेल, किंवा पाट भरून वाहत होता पण वावराचं दार बारीक होतं. वावरात उभं राहून किती भिजलं एवढंच मोजलंस तर यातलं कुठलं ते सांगता येत नाही. केट्रान्सचं तसंच आहे. वाहिन्या खूप गळक्या असतील, म्हणजे दार सताड उघडं, तर जेवढं रक्त येईल तेवढंच औषध बाहेर पडणार, अशा गाठीत केट्रान्स खरोखर प्रवाह सांगतो. उलट रक्त भरपूर येतंय पण वाहिनीची भिंत घट्ट आहे, तर केट्रान्स भिंतीची गळती सांगतो. आणि बहुतेक गाठी या दोन्हीच्या मधे कुठेतरी असतात, शिवाय एकाच गाठीची कड एका प्रकारची आणि गाभा दुसऱ्या प्रकारचा. म्हणून तुझे सर पूर्ण चुकीचे नाहीत आणि पुस्तकही चुकीचं नाही, पण परीक्षेत लिहिताना "प्रवाह आणि गळती या दोन्हींचा मिळून परिणाम" असं लिही. दोन्ही वेगळे काढायचे असतील तर चित्रं फार भराभर घ्यावी लागतात, एक-दोन सेकंदाला एक, आणि गणितही वेगळं लावावं लागतं.

मग दोन सेंटरमध्ये दुप्पट का? पाटाच्या तोंडाशी किती पाणी सोडलं ते माहीत असल्याशिवाय वावराचा हिशोब लागत नाही. इथे पाटाचं तोंड म्हणजे धमनी. धमनीत औषध कधी आलं, किती चढलं, कसं उतरलं, याला आर्टेरियल इनपुट फंक्शन म्हणतात. एका सेंटरने ते पेशंटच्याच धमनीवरून मोजलं असेल, दुसऱ्याने सॉफ्टवेअरमधलं ठरावीक सरासरी वापरलं असेल. धमनीवर बिंदू ठेवताना जरा बाजूला सरकला तरी आकडा बदलतो. त्यात टी१ चा नकाशा आधी काढला की पुस्तकी आकडा घातला, सेंटरच्या मशीनचं चुंबक दीड टेस्ला ताकदीचं की तीनच्या, फोटो किती सेकंदांनी घेतले, हे सगळं. अजून एक जे फार कमी लोक बघतात, औषध फक्त प्लाझ्मात असतं, लाल पेशींत जात नाही, म्हणून गणितात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, लागतो. सॉफ्टवेअर तो सगळ्यांचा साधारण ४० ते ४५ टक्के धरून चालतं. आपल्याकडे किमो चालू असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ असतं, तिचा हिमॅटोक्रिट २४-२५ च्या आसपास असणार. तिथेच आकडा सरकला.

त्यामुळे आज सेंटर बदलून केट्रान्सची तुलना करू नये असंच माझं मत आहे. तेच मशीन, तोच प्रोटोकॉल, तेच सॉफ्टवेअर, आणि जमलं तर मोजणाराही तोच, असं ठेवून उपचाराआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला तर त्याला किंमत आहे. आणि यात तुझं काम सगळ्यात मोठं. आयव्ही नीट लागली नाही, इंजेक्शन दोन सेकंद उशिरा सुटलं, नंतरचं सलाईन विसरलं, की पुढे आम्ही कितीही डोकं लावलं तरी तो आलेख सरळ होत नाही.

प्रश्न: भावाला परत आलेल्या ब्रेन ट्यूमरसाठी बेव्हासिझुमॅब सुरू केलं. महिन्याभरात एमआरआयमध्ये पांढरा भाग जवळजवळ गेला, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. पण डॉक्टर म्हणाले थांबा, एवढ्यात आनंद नको. असं का बोलावं एखाद्याने? — पुणे

उत्तर: डॉक्टरांना तुमचा आनंद हिरावायचा नव्हता, त्यांना तुम्हाला नंतरच्या धक्क्यातून वाचवायचं होतं. का ते सांगते.

१९७१ मध्ये बॉस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी लिहिलं की गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती काही मिलिमीटरच्या पुढे वाढूच शकत नाही, तेव्हा गाठीची रसद तोडा. कितीतरी वर्षं लोकांना ते पटलं नाही. मग वाहिन्या उगवायला लावणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सापडलं, नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ ला ते वेगळं करून दाखवलं, आणि त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब अमेरिकेत २००४ ला आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

हे व्हीईजीएफ वाहिन्या उगवतं तसंच त्यांना गळकंही करतं. ते अडवलं की भिंती घट्ट होतात, गळती थांबते, तीही काही दिवसांतच. आणि वर अकलूजच्या उत्तरात सांगितलं तसं पांढरं दिसतं ते गळतीमुळे. गळती बंद म्हणजे पांढरं बंद, मग आत ट्यूमर कमी झालेला असो वा नसो. याला स्यूडोरिस्पॉन्स म्हणतात. म्हणून तुमचे डॉक्टर आता पांढऱ्या भागापेक्षा फ्लेअर नावाच्या चित्राकडे जास्त बघत असतील, त्यात गळती नसलेला, पसरत चाललेला ट्यूमर दिसतो. डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारं चित्र) आणि परफ्युजनही बघतील, मात्र या औषधानंतर परफ्युजनचा आकडाही खाली येतो, त्याला एकट्याला धरून चालत नाही.

या औषधाने काहीच झालं नाही असं मात्र समजू नका. गळती थांबली की सूज उतरते, डोकेदुखी कमी होते, स्टेरॉइड कमी करता येतं, माणूस परत नीट बोलायला चालायला लागतो, आणि घरच्यांसाठी ते फार मोठं आहे. हार्वर्डचे राकेश जैन, आपल्या आयआयटी कानपूरचे, यांनी २००१ मध्ये मांडलं की अशा औषधांनी वाकड्यातिकड्या वाहिन्या काही काळ सुधारतात, सरळ होतात, आणि त्या काळात गाठीला ऑक्सिजन आणि किमो जास्त चांगलं पोचू शकतं. त्याच गटाने २००७ ला दुसऱ्या एका औषधावर एमआरआयने हे प्रत्यक्ष पेशंटमध्ये दाखवलं, वाहिन्या काही दिवसांत आक्रसल्या आणि औषध थांबवल्यावर परत फुगल्या. पण ग्लायोब्लास्टोमात बेव्हासिझुमॅबने ट्यूमर वाढायला वेळ लागतो, एकूण आयुष्य वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही, हे तुम्हाला सरळ सांगितलेलं बरं. भाऊ आता बरा बोलतोय ना, तर जे कागद, जी बोलणी, जी माणसं भेटायची राहिलीत ती आत्ता करून घ्या.

प्रश्न: आईचं (वय ६६) क्रिएटिनिन ३.८ आहे, अजून डायलिसिस नाही. मेंदूत गाठ निघाली, रक्तपुरवठा बघायचाय म्हणतात. एक जण म्हणतो डाय दिला तर किडनी जाईल, दुसरा म्हणतो एमआरआयचा डाय सेफ असतो. — लातूर

उत्तर: दोघांचंही अर्धवट आहे. किडनीला ताण देण्याचा इशारा मुख्यतः सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या डायबद्दल असतो. एमआरआयच्या गॅडोलिनियमचा प्रश्न वेगळा आहे. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, म्हणून ते एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात आणि निरोगी किडनी ते एका दिवसात जवळपास सगळं लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंद असेल तर ते अंगात रेंगाळतं, पिंजरा सैल असेल तर सुटतं, आणि एनएसएफ नावाचा कातडी आणि सांधे दगडासारखे घट्ट करणारा आजार होऊ शकतो. २००६ मध्ये हा संबंध लक्षात आला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सगळ्यात कडक इशारा लावला. त्यानंतर घट्ट, गोल पिंजऱ्याची म्हणजे मॅक्रोसायक्लिक औषधं वापरायला लागले आणि हा आजार आता क्वचितच दिसतो.

आईंचं ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) वयाच्या हिशोबाने पंधराच्याही खाली येतंय, म्हणजे काळजी घ्यायलाच हवी. सेंटरला दोन गोष्टी विचारा. औषध मॅक्रोसायक्लिक आहे का, गॅडोब्यूट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल यातलं काहीतरी. आणि त्याही आधी, इंजेक्शनशिवाय एएसएल करता येईल का?

एएसएलबद्दल मला फार जिव्हाळा आहे. यात बाहेरून काहीच द्यायचं नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच रेडिओलहरींनी चुंबकीय खूण करायची, साधारण दोन सेकंद थांबायचं, आणि ते खूण केलेलं रक्त मेंदूत कुठे पोचलं ते बघायचं. खूण काही सेकंदांत आपोआप पुसली जाते. पाच एक मिनिटांचं काम. आणि हा आकडा खऱ्या अर्थाने प्रवाहाचा असतो, १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला किती मिली रक्त. मेंदूच्या निरोगी करड्या भागात (ग्रे मॅटर) तो ५०-६० च्या आसपास असतो. सिग्नल फार अशक्त असतो म्हणून तीन टेस्लाचं मशीन असेल तर बरं आणि आईंना डोकं अजिबात हलवू नका म्हणून सांगावं लागेल. लहान मुलांच्या बाबतीत, किंवा किमोने शिरा पार बसलेल्या पेशंटमध्येही मी आधी हाच पर्याय विचारते. मेंदूसाठी हे फार छान चालतं. पोटात, छातीत श्वासाने सगळं हलतं तिथे अजून तेवढं सोपं नाही.

प्रश्न: पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७ आला. प्रोस्टेटचा एमआरआय सांगितला, पण काँट्रास्ट नको म्हणाले. काही कमी तर राहणार नाही ना? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: नाही सर, निश्चिंत राहा. प्रोस्टेटमध्ये डिफ्यूजन आणि टी२ ही दोन चित्रं मुख्य काम करतात, काँट्रास्टचं काम सध्याच्या पद्धतीत मुळातच छोटं आहे. संशयाची श्रेणी १ ते ५ अशी देतात, प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात एखादी जागा ३ की ४ अशी अडली असेल तर ती औषधाने लवकर उजळली की ४ धरायचं, एवढंच. २०२५ मध्ये बऱ्याच देशांतल्या सेंटरनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन न देताही महत्त्वाचे कॅन्सर तेवढेच सापडले, अट एकच की चित्रांचा दर्जा चांगला हवा. हिप बदललेला असेल, धातूमुळे चित्र खराब होत असेल, तर मात्र काँट्रास्टची मदत होते, तसं काही असेल तर आधीच सांगा.

प्रश्न: माझे आतापर्यंत नऊ काँट्रास्ट एमआरआय झाले. गॅडोलिनियम मेंदूत साठतं असं व्हॉट्सअॅपवर आलंय. खरं का? — ठाणे

उत्तर: अगदी थोड्या प्रमाणात साठतं हे खरं आहे, जपानमधून २०१४ मध्ये हे पहिल्यांदा पुढे आलं. सैल पिंजऱ्याची, लिनियर प्रकारची औषधं जास्त साठतात म्हणून युरोपने २०१७ मध्ये त्यातली बहुतेक थांबवली. त्या साठ्याने मेंदूला इजा होते असं आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. तुमच्या फाइलमध्ये कुठलं औषध दिलं ते लिहिलेलं असतं ते बघा, पुढच्या वेळी मॅक्रोसायक्लिक मागा, आणि प्रत्येक फॉलोअपला इंजेक्शन खरंच लागतंय का हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. पण आजार परत आलाय का हे बघायचं असेल तर या भीतीपायी इंजेक्शन नाकारू नका.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. छातीत गाठ लागली म्हणून काँट्रास्ट एमआरआय सांगितलाय. सासूबाई म्हणतात आठवडाभर दूध बंद कर. — नागपूर

उत्तर: ताई, दूध बंद करायची गरज नाही. औषधाचा फार फार छोटा अंश दुधात उतरतो आणि त्यातलाही जेमतेम काही बाळाच्या आतड्यातून अंगात जातो. तरी मनाला पटत नसेल तर आधीच दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि स्कॅननंतर एक दिवस तेच द्या, त्यापेक्षा जास्त नको. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

तुमच्या बाबतीत रक्ताचाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. दूध येत असताना दोन्ही बाजूंना रक्त खूप वाढलेलं असतं, त्यामुळे इंजेक्शन दिलं की निरोगी भागही भराभर उजळतो आणि गाठ त्यात लपू शकते. म्हणून मशीनवर जायच्या अगदी आधी बाळाला दोन्ही बाजूंनी पाजून घ्या किंवा पंपाने काढून टाका, आणि अंगावर पाजतेय हे फॉर्मवर लिहा आणि तोंडानेही सांगा. सोनोग्राफी झाली नसेल तर ती आधी करून घ्या, कधीकधी ती दुधाची गाठ निघते आणि एमआरआयची वेळच येत नाही.